टाकीतल्या भुताची शिट्टी

“शिट्टी वाजली ना, तर तिचं तोंड दाबायचं नाही. आधी मेन स्विच बंद करायचा, मग ती का वाजली ते शोधायचं.” टाकीत हवा दाबून भरणारा कॉम्प्रेसर पहिल्यांदा कारखान्यात आला, त्या दिवशी नवऱ्याने वहिनींना असं बजावलं होतं. त्याला जाऊन दोन वर्षं झाली, तरी ते शब्द त्यांच्या कानांत तसेच होते.

मुलीकडे आठ दिवस राहून वहिनी आज परतल्या आणि थेट सोफ्याच्या कारखान्याकडे आल्या, तर दारात मुंगी शिरायला जागा नव्हती. समोरच्या इमारतीतली माणसं, शिलाईच्या दुकानातल्या बायका, सगळे टाचा उंचावून आत बघत होते.

“बरं झालं आलात, वहिनी,” टायरवाल्याची आई कुजबुजली. “चार दिवस तुमच्या टाकीतून किंकाळ्या येत होत्या. महाराजांनी बरोबर ओळखलं. तुमचे हे आहेत आत.”

“आमचे हे? टाकीत?”

“म्हणजे, त्यांचा आत्मा हो.”

वहिनी गर्दीतून वाट काढत आत गेल्या. लांब झग्यातले महाराज कॉम्प्रेसरपुढे उभे होते. मोटर घरघरत होती आणि टाकीवरची पितळी झडप कानठळ्या बसतील अशी शिट्टी मारत होती.

“थोरला गेला, पण श्वास इथेच ठेवून गेला,” महाराज सांगत होते. “टाकीत हवा, हवेत प्राण, प्राणात तो. त्याचं तोंड बांधलं नाही, तर धाकट्याला घेऊन जाईल.” टाकीतल्या हवेपेक्षा महाराजांच्या तोंडातले शब्द जास्त दाबाने बाहेर पडत होते.

त्यांनी झडपेवर तांब्याचा ताईत ठेवला, वरून लाल दोरा करकचून आवळला. शिट्टी थांबली. गर्दीतून सुस्कारा उमटला. सोफ्याला कापड चढवणाऱ्या मास्तरांनी हवेवरची खिळ्यांची बंदूक लाकडाला टेकवली, तर खिळा डोक्यासकट आत गेला.

“बघा, आता तो तुमच्यासाठी राबतोय,” महाराज म्हणाले. बोलता बोलता ते उंबऱ्यापर्यंत सरकले होते.

धाकटा दीर मात्र हात जोडून टाकीला अगदी खेटून उभा होता. डोळे मिटलेले. वहिनींची नजर दाब दाखवणाऱ्या तबकडीवर गेली. लाल रेघ दहावर. सुई अकरावर, आणि अजून चढतच होती.

त्यांनी दारालगतच्या भिंतीवरचा मेन स्विच बंद केला.

“भाऊजी, लांब व्हा तिथून. सगळे मागे सरका.”

“विधी मोडलास, बाई,” महाराज गरजले. “तुझी श्रद्धा नाही.”

“माझी श्रद्धा आहे, म्हणून रोज पहाटे उठून देवापुढे बसते. चोवीस वर्षांत एक दिवस चुकला नाही. त्या देवाला कधी असं कुणाचं तोंड आवळावं लागलं नाही.” वहिनींचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण आता तो सगळ्यांना ऐकू येत होता. “भूत तुम्ही पक्कं बांधलंय ना? मग या. टाकीला पाठ लावून बसा. मी मोटर परत चालू करते.”

महाराजांनी चपला शोधायला सुरुवात केली. “मला पुढच्या ठिकाणी वेळ दिलीय.”

“मघाशी धाकट्याला टाकीजवळ उभं केलंत, तेव्हा घाई नव्हती,” मास्तर म्हणाले. त्यांनी सोफ्याचा सांगाडा ओढून दारात आडवा लावला. “बसा की यावर. अजून कापड चढलेलं नाही, टोचेल जरा.”

वहिनींनी लांबूनच पाइपचा कॉक उघडला. हवा सूं सूं करत गेली. सुई शून्यावर आली, तेव्हाच त्या टाकीजवळ गेल्या आणि दोरा कापला. लाल दोऱ्याच्या आत स्टीलची तार होती. त्यांनी ती सगळ्यांना दाखवली.

“भाऊजी, मोटर आठवर आपोआप बंद व्हायची. अकरापर्यंत कशी गेली?”

दीर खाली मान घालून म्हणाला, “मोटर बंद करणाऱ्या स्विचच्या डब्यातला स्क्रू मी आवळला, वहिनी. लाकूड घासायला हवेवरचा नवीन सँडर घेतला ना, तो दोन मिनिटांत मलूल पडायचा. म्हटलं, दाब वाढवू.”

“अहो, बंदूक एकेक घोट हवा पिते. सँडरला सतत लागते, बादलीच्या बादली. मिनिटाला किती हवा मिळते ते बघून मशीन घ्यायचं असतं. सुई वर चढवून हवा वाढत नाही, टाकी फुटते तेवढी.”

“मला वाटलं, दादा रागावला. त्याचा कारखाना मी नीट सांभाळत नाही म्हणून.”

“ते तुमच्यावर जिवंतपणी कधी रागावले नाहीत. आता टाकीत बसून रागावतील?”

स्क्रू सैल करून वहिनींनी सगळ्यांना अंगणात पाठवलं आणि दारातूनच मोटर चालू केली. आठवर ती मुकाट बंद पडली. मग मोटर बंद ठेवून त्यांनी स्क्रू पुन्हा आवळला, दारात येऊन बटण दाबलं. दहावर शिट्टी वाजली. बटण बंद केलं, हवा उतरली, शिट्टी गप्प.

“स्क्रूड्रायव्हरने येतं आणि स्क्रूड्रायव्हरने जातं, असं भूत कुणी पाहिलंय?” त्यांनी विचारलं. “दाब जास्त झाला की हवा सोडून माणसं वाचवायची, एवढ्यासाठी ही झडप असते. आज ती ओरडत होती, आणि आपण हात जोडून तिचं तोंड बांधू दिलं. देवाला हात जोडा, मीही जोडते. पण समोर काय घडतंय ते आधी बघा, विचारा. विचारल्याने कुठलाही देव कोपत नाही. आता जाणकाराने टाकी तपासून झडप बदलेपर्यंत हे मशीन बंद.”

टायरवाल्याची आई पदराचं टोक चुरगाळत पुढे आली. “सकाळी त्यांनी आमच्या दुकानातल्या टाकीवरही असाच दोरा बांधलाय. पोरगा तिथे काम करतोय.”

“त्याला फोन करा. मेन स्विच बंद कर आणि दुकानाबाहेर जा म्हणावं. हात कशाला लावू नको.” वहिनी महाराजांकडे वळल्या. “अजून कुठे बांधलेत?”

“गाड्या रंगवतात तिथे,” महाराज पुटपुटले. “आणि पुलाजवळ, दोन ठिकाणी.”

“चारही दोरे सुटल्याशिवाय आज मी अन्नाला शिवणार नाही,” वहिनी म्हणाल्या.

दीर सगळीकडे फोन लावू लागला. वहिनींनी पक्कड पिशवीत टाकली, चपला घातल्या आणि टायरच्या दुकानाच्या दिशेने चालू लागल्या.