सुभेदारांचा बिल्ला

रांजण बंद असला की तिला चैन पडत नसे. रांजण म्हणजे रद्दी कागदाचा लगदा घुसळणारी दुमजली टाकी. तिच्या तळाशी माणसाच्या उंचीची पाती होती, आणि ती फिरायला लागली की अख्ख्या कारखान्याची जमीन थरथरायची. रांजणाची ती घरघर ऐकतच तिने इथे नोकरी काढली होती. आज दुपारी शोकसभेसाठी रांजण थांबवला होता, आणि त्या शांततेत कुणी खुर्ची सरकवली तरी तिच्या छातीत धस्स होत होतं.

सभा तिच्या बाबांची होती. बाबांना सगळे सुभेदार म्हणायचे. फौजेतून ते हवालदार म्हणूनच बाहेर पडले होते. पुढची बढती कामगारांनी परस्पर देऊन टाकली. फौजेत त्यांचं काम सुरुंग काढायचं. पोटावर झोपून, सळईने जमीन टोचत, वीतभर वीतभर पुढे सरकायचं. असा माणूस रांजणावर कामाला लागला आणि पहिल्याच वर्षी त्याच्या डोळ्यांदेखत आत साफसफाईला उतरलेल्या एकावर पाती फिरली. आत कुणी आहे हे बटण दाबणाऱ्याला ठाऊकच नव्हतं. त्या दिवशी सुभेदार घरी आले ते न जेवता भिंतीकडे तोंड करून बसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी संघटना बांधायला घेतली.

त्यांची पहिली मागणी ऐकून मालक हसला होता. रांजणाच्या झाकणाजवळच्या भिंतीवर, बटणापाशी उभं राहून दिसेल असा खिळ्यांचा एक बोर्ड लावा, एवढंच. आत जाणाऱ्याने आपला पितळी बिल्ला बोर्डावर अडकवायचा, बाहेर आला की स्वतःच्या हाताने काढायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला कुणी हात लावायचा नाही. बोर्डावर एक जरी बिल्ला असला तरी बटण दाबायचं नाही. मालकाला हे फौजी थेर वाटले. मग एका बोर्डापायी अख्खा उन्हाळा संप चालला. घरात भांडी वाजायची बंद झाली, आईने सुभेदारांशी अबोला धरला, पोलिसांनी त्यांना भर चौकातून उचलून नेलं. बोर्ड लागला तेव्हा कुठे ते हसले. त्यानंतर रांजणाने कुणाचा घास घेतला नव्हता.

तोच बोर्ड आज स्टेजवर होता.

ही धाकट्याची कल्पना. तिचा धाकटा भाऊ आता संघटनेचा पुढारी व्हायला निघाला होता. भाषणात तो बाबांसारखाच हात वर करायचा. फक्त बाबांचा हात वर गेला की पाठोपाठ काहीतरी मुद्दा यायचा. पण त्याचं बाबांवर प्रेम होतं, ते खोटं नव्हतं. त्याने बोर्ड भिंतीवरून उतरवून घासूनपुसून आरशासारखा चकचकीत केला होता, भोवती फुलांची माळ सोडली होती आणि मधोमध एकच बिल्ला अडकवला होता. सुभेदारांचा. बाकी सगळे खिळे रिकामे.

"छान दिसतंय ना, ताई?" खाली येऊन त्याने विचारलं. त्याचे डोळे ओले होते.

"छान आहे," ती म्हणाली. तिला ते छान वाटलं नव्हतं. बोर्ड आपल्या जागेवर नाही हे तिला दात पडल्यासारखं जाणवत होतं, पण बापाच्या सभेत भावाला काय बोलणार?

शेजारच्या खुर्चीवर तिने पर्स ठेवली होती, नवऱ्यासाठी. तो इथलाच फिटर. सकाळी डबा घेताना म्हणाला होता, "रांजण एवढा वेळ बंद मिळायचा नाही पुन्हा. एक पातं सैल झालंय, सभेआधी आवळून घेतो. सासऱ्यांना हारापेक्षा तेच आवडेल." भाषण म्हटलं की त्याच्या अंगावर काटा यायचा, लग्नातसुद्धा मंडपापेक्षा जनरेटरपाशीच जास्त होता. तेव्हा खुर्ची रिकामी दिसली म्हणून तिने मनाला लावून घेतलं नाही. तरीपण दर थोड्या वेळाने मान वळवून ती दाराकडे बघत होती.

मॅनेजर बोलायला उठला. ज्या माणसाला कारखान्याने दोनदा कामावरून काढलं, त्याचं त्याने तोंड भरून कौतुक केलं. मेलेल्या पुढाऱ्याइतका सोयीचा पुढारी नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. शेवटी तो म्हणाला, "सभेनंतर आपण स्तब्ध उभे राहू. आणि मग सुभेदारांची कन्या, जी आपल्या रांजणाची ऑपरेटर आहे, ती स्वतःच्या हाताने बटण दाबेल. कामगार नेत्याला हीच खरी मानवंदना!"

टाळ्या पडल्या. तिने पुन्हा दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

मग लान्सकाका उठले. हे बाबांचे फौजेतले सोबती, तेव्हाचे लान्स नाईक. एक पाय लाकडी, हातात काठी. माईक त्यांनी बाजूला सारला.

"तुम्ही लोक ह्या बोर्डाला त्याची कल्पना समजता," ते म्हणाले. "कल्पना नव्हती ती. आमची रीत होती. सुरुंग पेरलेल्या रानात शिरताना दोरीला बिल्ला लावायचा. आलं बाहेर की काढायचा. एकदा आम्ही सहा जण आत गेलो. पाच आलो. मला तर ह्यानेच पाठुंगळी मारून आणलं." त्यांनी स्टेजवरच्या सुभेदारांच्या फोटोकडे बोट दाखवलं. "दोरीवर एक बिल्ला राहिला. अधिकारी म्हणाला, काढा तो, बघवत नाही. हा म्हणाला, नाही साहेब. गेलेल्याचा बिल्ला सगळ्यात शेवटी. आधी बाकीचे सगळे सुखरूप बाहेर आल्याची खात्री, मग त्याचा. तोवर तो आमचा पहारेकरी."

एवढं बोलून म्हातारा खाली बसला. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना.

सगळे उभे राहिले. ती काचेच्या केबिनमध्ये गेली. समोर हिरवं बटण, पलीकडे रांजण, आणि त्याच्या बुडाशी ते माणूस आत जायचं झाकण. ते पाठच्या बाजूला, सभेतून न दिसणारं. केबिनमधूनही त्याची नुसती कड दिसायची. आत कुणी आहे का हे तिला बोर्डच सांगायचा. बाबांनी तिला पहिल्या दिवशी शिकवलेलं काम तेच होतं. बोट बटणावर, नजर बोर्डावर.

खाली माना घालून माणसं उभी होती. मॅनेजरने घड्याळ पाहिलं, केबिनकडे मान वळवली आणि भुवया उंचावल्या. हं, दाबा.

तिचं बोट बटणावर गेलं. नजर सवयीने भिंतीवर गेली.

भिंतीवर बोर्ड नव्हता. बोर्डाच्या आकाराचा फिका चौकोन होता, आणि स्क्रूची भोकं.

रिकामी भिंत म्हणजे रिकामा रांजण नव्हे, हे तिला कळत होतं. पण सगळ्यांच्या नजरा तिच्यावर होत्या, मॅनेजरने आता हातानेही खूण केली, आणि खरं सांगायचं तर बोटाखालचं बटण थोडं दबलंही होतं. मग तिने स्टेजकडे पाहिलं. तिथे एक बिल्ला होता. बाबांचा.

तिने बोट उचललं आणि केबिनचं दार ढकललं.

"बोर्डावर बिल्ला आहे!"

लोकांनी माना वर केल्या. कुणीतरी हळहळलं, "बिचारी. बाप गेल्याचं सहन होईना."

"ताई, तो तर बाबांचाच," मॅनेजर समजुतीच्या सुरात म्हणाला. "तुम्हाला त्रास होत असेल तर काढू आपण." त्याने हात पुढे केला.

"हात लावू नका त्याला!" लान्सकाकांची काठी जमिनीवर आपटली.

ती धाकट्यासमोर जाऊन उभी राहिली. "भिंतीवरून काढलास तेव्हा बोर्ड रिकामा होता?"

"हो. म्हणजे..." त्याचा चेहरा पडला. "एक होता गं. कुणीतरी विसरलं असणार असं वाटलं. पॉलिश करताना मध्ये येत होता." त्याने खिशातून बिल्ला काढला.

त्या बिल्ल्याची एक कड वाकलेली होती. तिचा नवरा त्याने डब्यांची घट्ट झाकणं उचकटायचा, आणि ती त्याला त्यावरून रोज बोलायची.

ती पळत सुटली. मागे खुर्च्या पडल्या, धाकटा "भावोजी! भावोजी!" ओरडत तिच्या पाठोपाठ आला. झाकण उघडंच होतं. आत काळोख, कुबट ओला वास, आणि तळाशी बॅटरीचा एक पिवळा ठिपका. पात्याखाली आडवा पडून तिचा नवरा नटबोल्ट आवळत होता. टाकीत घुमणारा पान्याचा आवाज अडवायला कानांवर डबे, तोंडात दुसरा पाना. तिने आत हात घालून त्याच्या बुटाला हिसका दिला.

तो सरपटत बाहेर आला. लगद्याने माखलेला, डोळे मिचकावत. "झाली का भाषणं? म्हटलं आटोपू द्या सगळं..." मग त्याने तिचा चेहरा पाहिला, मेव्हण्याचा पाहिला. कानावरचे डबे त्याने हळूहळू उतरवले.

धाकट्याने बिल्ला पुढे केला. नवऱ्याने त्या बिल्ल्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या फिक्या चौकोनाकडे. काय झालं असतं हे त्याला एका क्षणात समजलं. तो तिथेच खाली बसला.

"हातात देऊ नकोस त्याच्या," ती भावाला म्हणाली. "होता तिथे लाव."

धाकटा स्टेजवर गेला आणि सगळ्यांसमोर त्याने तो वाकडा बिल्ला बोर्डावर अडकवला, बाबांच्या बिल्ल्याशेजारी. रडत होता तो. कुणी त्याला गप्प केलं नाही. थोड्या वेळाने तिचा नवरा उठला, फुलांच्या माळेला लगदा लावत पुढे वाकला आणि आपला बिल्ला त्याने स्वतः काढला.

आता एकच उरला.

"आत आणखी कुणी नाही?" लान्सकाकांनी विचारलं.

"नाही. एकटाच होतो."

"स्वतः बघून ये," ते तिला म्हणाले.

तिने बाबांच्या बिल्ल्याशेजारी आपला बिल्ला लावला आणि बॅटरी घेऊन गेली. झाकणातून आत शिरली, पात्यांच्या मधून, कोपरान्कोपरा उजेड टाकत. परत येईपर्यंत कुणी जागचं हललं नव्हतं. बाबा गेल्यापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, आणि आई तिला दगड म्हणाली होती. बोर्डासमोर येऊन तिने आधी आपला बिल्ला काढला.

"सगळे बाहेर आलेत, बाबा," ती म्हणाली, आणि तिला हुंदका फुटला. मग तिने त्यांचा बिल्ला काढला.