वाघ गेल्यावरचं रान

शामकलाबाईंच्या घरी रेडिओ कधी बंद नसे. भीमगीतं लागोत, बाजारभाव लागोत, नाहीतर नुसती खरखर, काहीही चालायचं. वीज गेली की बाई भांडी घासायला काढत आणि घासलेली पुन्हा घासत. नवऱ्याचं नाव खुशाल; तो सुरुवातीला वैतागायचा. मग त्याने सेलवर चालणारा दुसरा रेडिओ आणला आणि विषय संपवला.

कारण साऱ्या गावाला ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी मोहाच्या दिवसांत एका पहाटे शामकला आणि तिची धाकटी जाऊ अल्का टोपल्या घेऊन नवेगावच्या रानात फुलं वेचायला गेल्या होत्या. वानरं ओरडली, मग एकाएकी रान चिडीचूप झालं, आणि त्या चुपीतून वाघ आला. अल्का वाकलेली होती; त्याने तिच्यावरच झेप घेतली. शामकलाने जिवाच्या आकांताने आरडाओरडा केला तेव्हा वाघ तिला सोडून निघून गेला, पण उशीर झाला होता. शामकला गावाकडे पळाली. माणसं घेऊन परत पोचेपर्यंत दुपार झाली.

त्यानंतर ती भाताच्या शेवटच्या बांधीपलीकडे गेली नाही. नवल म्हणजे तिच्या डोळ्यांसमोर वाघ फारसा येत नसे. येई ती अर्ध्या दिवसाची चूप. पान हलत नाही, पाखरू बोलत नाही, आणि त्या मेलेल्या शांततेत अल्का एकटी पडलेली. घरात जरा शांत झालं की तीच चूप उंबरा ओलांडून आत आल्यासारखी वाटायची.

आणि अशा बाईच्या पोटी मुलगी निघाली ती रानातले आवाज गोळा करणारी. रश्मी नागपूरला चित्रकला शिकायला गेली आणि रंग सोडून माईक घेऊन परतली. दोन वर्षं ती वनरक्षकासोबत मचाणावर बसून रेकॉर्डिंग करत होती. आता ते मुंबईच्या एका कलादालनात मांडायचं ठरलं होतं. पण आधी गावाने ऐकावं म्हणून तिने विहारामागच्या सभागृहाच्या खिडक्यांना पोती लावली आणि मंडपवाल्याचे स्पीकर चारी भिंतींवर, आढ्याला, जमिनीलगत बांधले.

झाडीपट्टी म्हणजे नाटकवेडा मुलूख; सभागृह सजलं की इथल्या माणसाला नाटकच दिसणार. पहिल्या दिवशी लोक चटया घेऊन आले आणि कोऱ्या भिंतीकडे तोंड करून बसले. शेजारच्या दुधरामने तर मोठ्याने विचारलंही, "हिरोईन कवा येते?" तेवढ्यात त्याच्या पाठीमागे टिटवी कडाडली. दुधराम गर्रकन वळला. मग डोक्यावर सुतार पक्षी ठकठक करू लागला, पायाशी पाचोळा सळसळला, आणि दूर कुठे तरी तलावावरून बदकांचा थवा उठला तो सभागृहाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उडत गेला. माणसं माना वर करून छताकडे पाहत राहिली. छतावर पत्र्याशिवाय काही नव्हतं.

संध्याकाळी दुधराम शामकलाच्या दारात येऊन म्हणाला, "वहिनी, भिंतीतून रान निंगून राहिलं. जाऊन तं पाह्य."

"कायले जाऊ? मी रान पाह्यलं नाई का?" शामकला म्हणाली आणि रेडिओ वाढवला.

रश्मीने आग्रह केला नाही. पण तिने आईसाठी वेगळं रेकॉर्डिंग तयार ठेवलं होतं. एका पहाटे मचाणाखालून वाघ गेला होता, तेवढा तुकडा त्यातून काढून टाकला होता. आई एकदा तरी रानाला न भिता ऐकेल, एवढीच तिची इच्छा होती.

मुंबईला जायच्या सकाळी टेम्पो यायचा होता. खुशाल बायकोला म्हणाला, "पोरीनं दोन साल घातले. तू एक घडी नाई देत. आता मी का बोलू?" आणि बाहेर जाऊन बसला. ते शामकलाला लागलं. ती पदर खोचून निघाली.

आईला दारात पाहून रश्मीची जी धांदल उडाली, तिच्यात तिने पूर्ण रेकॉर्डिंगच लावलं.

शामकला मधोमध उभी राहिली. आधी काळोख, मग एक कोतवाल पक्षी बोलला. मग दुसरा. मग जणू कोणी रानाचं झाकण काढलं. मोहाची फुलं पाचोळ्यावर पडत होती, टप्, टप्. तो आवाज तिने लगेच ओळखला. किती सुंदर होतं हे, आणि किती वर्षं आपण कान झाकून बसलो होतो.

इतक्यात उजव्या भिंतीवर वानर खॉक् करून ओरडलं.

रश्मी बटणाकडे धावली. शामकलाने तिचं मनगट धरलं. "राहू दे."

समोरच्या भिंतीवर चितळ ओरडलं. मग डावीकडे मोर. शामकलाचं बोट त्या आवाजांमागे हळूहळू फिरत होतं. वाघाचा स्वतःचा आवाज कुठेच नव्हता, तरी सभागृहात तो चालत होता, दोघींच्या भोवतीने. मायलेकी त्याला जाताना पाहत होत्या.

मग चूप झालं. तीच ती चूप. शामकला मनगट सोडत नव्हती, आणि जागचीही हलत नव्हती.

एक होला घुमला. त्याला दुसऱ्याने साद दिली. सातभाईंचं भांडण सुरू झालं, मोहाची फुलं पुन्हा पडू लागली, आणि बघता बघता रान पहिल्यासारखं गजबजलं.

"येवढ्या लवकर?" शामकलाने विचारलं. "मधातलं काढलं का तू?"

"नाई आई. जसं होतं तसंच हाये."

"वाघ दूर गेला होता का?"

"नाल्यापलीकडं बी गेला नसन. तरी बोलतात पाखरं. दर बारीले बोलतात."

शामकलाने रश्मीचं मनगट सोडलं. होला अजून घुमत होता.

"मी तं पळाली," ती म्हणाली. "मले का मालूम, मंग का होते ते. मले वाटे, दुपारपावतर तशीच चूप होती." तिने रश्मीकडे पाहिलं. "मंग अल्काजवळ पाखरं होती वं."

ती खाली बसली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा, भीतीने नव्हे, नुसती अल्कासाठी रडली.