रुक्माच्या मापाची गाडी

शोरूममधल्या माणसाने किल्ली मोहितच्या हातात ठेवली, तेव्हा रुक्माचा हात पुढे आलेलाच होता. तो थोडा वेळ तसाच हवेत राहिला आणि मग तिने त्याच हाताने पदर सारखा केला. गाडी तिच्या पैशांची होती, तिच्या नावावर होती, बुकिंगच्या कागदावरची सहीसुद्धा तिची होती. पण डोंगरदऱ्यांत धावायला बनवलेली ती उंच, चौकोनी गाडी घ्यायला साठीची, जेमतेम पावणेपाच फुटांची बाई आली असेल, हे त्या बिचाऱ्याच्या डोक्यात यावं तरी कसं? त्याने उंच माणूस पाहिला आणि किल्ली देऊन टाकली. मग हार घातलेल्या गाडीपाशी फोटो झाला. त्या फोटोत रुक्माचा मुलगा मोहित आहे, सून समीक्षा आहे आणि बॉनेटच्या मागून कुणाचं तरी नुसतं कपाळ दिसतं आहे. ते रुक्माचं.

घरी जाताना ती मागच्या सीटवर बसली. नेहरू नगरच्या वळणावर सिग्नल सुटला तेव्हा मागून म्हणाली, "हॉर्न दे."

"समोर कोनीच नाई, आई."

"तरी दे. हालवाच्या आधी द्याचा असते. खाली मानूस असते."

मोहित हसला आणि हॉर्न न देताच निघाला.

जित्याची खोड म्हणतात ती हीच. रुक्मा सेलोकरची नोकरी पोलाद कारखान्यात क्रेनवर झाली. म्हणजे सुरुवात काही तिथे झाली नव्हती. तिचा नवरा शालिकराम साकोलीकडून येऊन त्याच कारखान्यात लागला होता. तो काविळीने गेला आणि त्याच्या जागी तिला घेतलं, ते झाडू मारायला आणि पाणी भरायला. पुढे क्रेन चालवायची परीक्षा निघाली तेव्हा हिने अर्ज टाकला. साहेब म्हणाले, बाई, वर जायला शिडी आहे, लिफ्ट नाही. ही म्हणाली, मग चढते की, आणि चढली. छताखालच्या रुळांवर धावणारी ती क्रेन, तिची काचेची केबिन आणि खाली पिवळी हेल्मेटं. मोहितचं शाळा-कॉलेज, घर, दोन नणंदांची लग्नं, सगळं तिने त्या केबिनमधून उचललं आणि जागच्या जागी नेऊन ठेवलं.

भानगड एकच होती. केबिनमधली सीट पुरुषांच्या मापाची होती, तिला खालचं दिसेना. उतईच्या पुंडलिक फिटरने सीटखाली बसवायला एक लोखंडी पेटी करून दिली. पण सीट काही रुक्माच्या एकटीची नव्हती. बाकीच्या पाळ्यांतले लोक कुरकुरले. मग असं ठरलं की पाळी सुरू होताना तिने पेटी लावून बोल्ट आवळायचे आणि पाळी संपताना पेटी काढून कोपऱ्यात ठेवायची. हे तिने निवृत्त होईपर्यंत केलं. शेवटच्या दिवशीही गळ्यात हार घालून घ्यायच्या आधी तिने पेटी काढून ठेवली होती.

विश्वकर्मा पूजेला घरच्यांना कारखाना पाहायला आत सोडत. लहानगा मोहित पुंडलिकच्या खांद्यावर बसून वर केबिनकडे बघत राही. पुंडलिकने त्याला क्रेनवाल्यांच्या खुणा शिकवल्या होत्या: बंद मूठ म्हणजे थांब, तळवा उघडून बाजूला ढकलला की चल. घरी आल्यावर मग तो आईला ताटं-वाट्यासुद्धा खुणांनीच हलवायला लावायचा. ती त्याला बजावायची की क्रेनवाल्याने चेहऱ्याकडे पाहायचं नसतं, हात पाहायचा. चेहऱ्याकडे पाहिलं की चूक होते.

आता उतारवयात हिला गाडी कशाला हवी, तेही अशी, हे सगळ्यांनी विचारलं. निवृत्तीच्या आधी ती मोटार शिकली होती, क्लासच्या छोट्या गाडीत. हायवेवर आल्यावर तिला पाटावर बसून हत्तींच्या मिरवणुकीत शिरल्यासारखं वाटे. ट्रकची चाकं कानाशी फिरत. सळया आणि प्लेटा खालच्या माणसांच्या डोक्यांवरून नेताना जी बाई कधी घाबरली नाही, ती तिथे घामाने भिजायची. मग एकदा ओळखीच्या एकाच्या जीपमध्ये ती पुढे बसली आणि तिला पुन्हा वरून रस्ता दिसला. त्या दिवशी तिने ठरवलं. घ्यायची तर उंच. रोज चालवायची, भाजीला न्यायची, उतईला बहिणीकडे न्यायची, पण उंचच.

गाडी आली ती सगळ्यात खालच्या मॉडेलची. काळी लोखंडी चाकं, रेक्झिनच्या सीटा, गाणं नाही, चढायला पायदान नाही. रुक्मा प्लॅस्टिकचं स्टूल ठेवून वर चढली, बसली, आणि स्टीअरिंगवरून तिला दिसलं काय, तर बॉनेट आणि आभाळ. समोरच्या बंगल्यातल्या वंदनाबाई गच्चीवरून पाहत होत्या. नाकापेक्षा मोती जड झाला हो, असं त्या कुणाशी तरी बोलल्या, आणि रुक्माला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलल्या.

मोहितला तर आयतंच फावलं. तो रायपूरला विम्याच्या ऑफिसात होता, रोज लोकलने जायचा आणि रविवारची वाट पाहायचा. गाडीला मोठे टायर, छतावर दिव्यांची पट्टी, पाण्यातून जाता यावं म्हणून वर काढलेलं नळकांडं, असं काय काय तो मोबाइलवर बघत बसे. एका संध्याकाळी त्याने समजुतीच्या सुरात सांगितलं की ही गाडी तो ठेवेल आणि आईला एक छोटी, गिअर न बदलता चालणारी घेऊन देईल.

"आई, तू समजून नाई राहिली. ये गाडी तेरे बस की नहीं है. याच्यासाठी कद लागते."

"कद माह्याजवळ नाई, ते मले मालूम हाय," रुक्मा म्हणाली. "गाडी त माह्याजवळ हाय ना?"

दुसऱ्या दिवशी ती ऑटोने कुरुदला गेली. निवृत्त झाल्यावर पुंडलिकने तिथे फाटकांचं आणि खिडक्यांच्या ग्रिलांचं दुकान टाकलं होतं. तो गाडी बघायला आला, टेप लावला, मान डोलावली आणि एक पेटी करून आणली. सीट वर गेली, रस्ता झकास दिसला, पण रुक्माचे पाय हवेत लोंबकळायला लागले. क्रेनला पायाचं काम नसतं, त्या जुन्या मापावर तो गेला होता. आपल्याच गाढवपणाला तो इतका हसला की समीक्षा चहा घेऊन बाहेर आली. मग तिन्ही पॅडलांवर रबर चढवलेले ठोकळे बसले. दाराखाली पायदान झालं, दाराच्या खांबाला हाताने धरायची दांडी झाली. मागे भाजीच्या पिशव्या अडकवायला आकडे लागले, खाली जाड मॅट आली, सीटांना सुती खोळी शिवल्या, मागे घेताना दिसावं म्हणून कॅमेरा बसला. डोंगर चढायला निघालेल्या त्या गाडीला पुंडलिकने गृहस्थाश्रमाला लावलं.

आणि रुक्मा चालवायला लागली. दोनदा हॉर्न देऊन निघायचं, सुपेल्याच्या बाजारातून भाजी आणायची, बहिणीला दवाखान्यात न्यायचं, येताना गहू दळून आणायचे. सिग्नलला शेजारच्या गाडीतले लोक वर बघायचे. तिला फार बरं वाटायचं आणि ते ती लपवतही नव्हती. वंदनाबाईंनासुद्धा एकदा तिने गॅसच्या एजन्सीपर्यंत सोडलं. पायदानावरून चढताना त्यांनी मोत्याचा विषय काढला नाही.

मग एका रविवारी ती देवळातून आली तो गाडी जागेवर नव्हती. मोहित मित्रांना घेऊन धरणाकडे गेला होता. व्हरांड्यात, चपलांच्या शेजारी, लोखंडी पेटी ठेवलेली होती. पॅडलांचे ठोकळे तिच्यावर नीट रचून ठेवले होते. संध्याकाळी गाडी आली ती मोठ्या टायरांवर. पायदान रुक्माच्या गुडघ्याच्या वर गेलं होतं. मोहितला काही गैर केलंसं वाटत नव्हतं. बोल्टचंच तर काम आहे, तो म्हणाला, तू चालवशील तेव्हा लावून घे, मी चालवीन तेव्हा काढीन.

रुक्मा व्हरांड्यात परत आली. ती त्या पेटीकडे पाहत राहिली. सगळा जन्म कोपऱ्यात काढून ठेवलेल्या पेटीसारखीच ही पेटी आता तिच्या स्वतःच्या घरात चपलांपाशी आली होती. तिला राग आला, आणि कारखान्यातल्या कुरकुऱ्या माणसांचा जो राग तिने इतकी वर्षं गिळला होता, तोही त्याच्याबरोबर वर आला.

सकाळी मोहित लोकलला गेल्यावर तिने पुंडलिकला बोलावलं. जुनी चाकं परत लावून घेतली. पायदान खाली आलं. मग पेटी पुढे सरकवून म्हणाली, "आता हे वेल्ड कर. न ठोकळे बी."

पुंडलिकने हातातला पाना खाली ठेवला. "बाई, वेल्ड केलं का मंग दुसरं कोनी बसू नाई शकत. उद्या इकाले गेल्या त कोनी घेनार नाई."

"मले इकाची नाई."

"तुमच्या मांगं? पोराच्या काय कामाची रायल?"

"पुंडलिकभाऊ, सारी नोकरी मी पेटी लावली न काढली, लावली न काढली. तुमी पाह्यलं हाय. आता नाई काढत."

पुंडलिकने वेल्डिंगचं मशीन आणलं. मग त्याने बॅटरीची वायर सोडवली आणि काळी काच डोळ्यांवर घेतली. नेहरू नगरच्या त्या स्वच्छ गल्लीत भर दुपारी निळा जाळ उडाला. वंदनाबाईंनी गच्चीचं दार लावून घेतलं.

मोहित संध्याकाळी गाडीत बसायला गेला आणि बसला नाही, अडकला. डोकं छताला, गुडघे स्टीअरिंगखाली. त्याने खाली वाकून जोड पाहिला. त्याला समजायला वेळ लागला नाही. त्या रात्री तो फार बोलला. आई असून मुलाला आपल्या गाडीत जागा ठेवत नाही, म्हणाला. समीक्षाने दोघांनाही गप्प करायचा प्रयत्न केला. रुक्मा एवढंच म्हणाली की बाजूच्या सीटवर जागा आहे, मागे तर तिघांची आहे, आणि ज्याला चालवायची हौस आहे त्याने आपल्या मापाची आणावी.

महिन्याभरात मोहितने रायपूरला फ्लॅट घेतला. लोकलचा त्रास होतो, असं त्याने नातेवाइकांना सांगितलं. नातेवाईक मात्र आपसात म्हणाले की म्हातारीने एका सीटपायी पोरगा घालवला. हे रुक्माच्या कानावर आलं. तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. दोन दिवस तिने ताटात भातसुद्धा घेतला नाही. एकदा ती गाडीपाशी जाऊन त्या जोडावर बोट फिरवून आली. ग्राइंडर लावला तर तासाभराचं काम आहे, हे तिला ठाऊक होतं. ती परत आत आली आणि तिने सगळ्यांच्या पुरणपोळ्यांसाठी डाळ भिजत घातली, कारण मुलं जायची ती पोटभर जेवून जावीत.

मोठं सामान टेम्पोने गेलं. उरलेलं, म्हणजे कुंड्या, देवघर, काचेच्या बरण्या आणि समीक्षाची शिलाई मशीन, टेम्पोत फुटेल म्हणून राहिलं होतं. रुक्मा म्हणाली, मी नेते. मोहितने कुंड्या मागे चढवल्या. तो तिच्या बाजूच्या सीटवर बसला, समीक्षा मागे देवघर मांडीवर घेऊन बसली, आणि तिघं हायवेला लागली. कुम्हारीपर्यंत मोहित मोबाइलमध्ये होता. पुढे एका ट्रकला मागे टाकताना त्याने नकळत पायाने मॅट दाबली, ब्रेक समजून. रुक्माने पाहिलं आणि गाडी पुढे काढली.

फ्लॅटच्या फाटकावर वॉचमनने ड्रायव्हर कुठे आहे म्हणून विचारलं. "मैं हूँ," रुक्मा म्हणाली.

सामान वर गेलं. समीक्षाने चहा केला, पहिला चहा, नव्या घरातला. आई, तुमी राहा ना आज, असं ती दोनदा म्हणाली. रुक्माने कुंडीतल्या तुळशीला पाणी घातलं आणि उजेड आहे तोवर निघते म्हणाली.

मोहित खाली सोडायला आला. ती दांडी धरून वर चढली, पट्टा लावला. तो खिडकीपाशी उभा राहिला आणि एवढा उंच पोरगा, पण तिच्याकडे बघायला त्याला मान वर करावी लागली. दार नीट लागलंय का, ते त्याने ओढून पाहिलं. मग गाडी मागे घ्यायची म्हणून तो बाजूला जाऊन फाटकाच्या कडेला उभा राहिला.

रुक्माने दोनदा हॉर्न दिला.

मोहितने मूठ वर केली. तिने ब्रेक दाबला. तिला वाटलं, आता हा येईल, काहीतरी म्हणेल. कॅमेऱ्यात मागून एक दुधाची गाडी आडवी गेली. ती गेल्यावर त्याने हात आडवा केला, तळवा उघडला आणि हळूच बाजूला ढकलला.

तिला त्याचा चेहरा पाहायचा होता. तिने हात पाहिला आणि क्लच सोडला.