तोंडातलं शिसं

"परत शिसं निघालं," हंसा मॅडमनी आकड्यांचा कागद टेबलावर ठेवला. "आता एकच कुपी उरलीय, शत्रुघ्न."

अर्नाळ्याच्या कोळ्याचा हा मुलगा मॅट्रिकला दोनदा आपटला होता, पण मुंबईत मॅडमच्या प्रयोगशाळेत नऊ वर्षं सूक्ष्मदर्शकापुढचं स्टूल त्याचंच होतं. आभाळातून पडलेल्या दगडाचा चुरा कुपीतून त्याच्यासमोर यायचा आणि त्यातले रव्याहून बारीक पांढरे कण तो ब्रशच्या टोकानं एकेक करून वेचायचा. सूर्याभोवती पृथ्वीसुद्धा झाली नव्हती, तेव्हा घट्ट झालेले हे कण, असं मॅडम सांगत. त्यांच्यातल्या युरेनियमचं ठरल्या गतीनं शिसं होत जातं. ते किती झालं हे मोजलं की कणाचं वय कळतं. मात्र बाहेरचं शिसं धुळीइतकंही मिसळलं, की वय खोटं ठरतं.

दोन कुप्या अशाच मातीमोल झाल्या होत्या. मॅडमनी आम्ल बदललं, पाणी बदललं, भिंतीचा रंगही खरवडून काढायला लावला. वरच्या साहेबांनी तर स्पष्टच बजावलं होतं, तिसरी कुपी बिघडली तर उरलेला दगड परदेशी जाईल आणि त्या स्टुलावर कुणीतरी शिकलेला माणूस बसेल. एम.एस्सी. झालेल्यांचे हात कसे थरथरतात ते शत्रुघ्नानं पाहिलं होतं.

रविवारी तो नेहमीसारखा नथूचा, आपल्या बापाचा, पाग दुरुस्त करायला बसला. पाग म्हणजे किनाऱ्यावरून हातानं फेकायचं जाळं. नथूला आता होडीवर कुणी नेत नसे. म्हाताऱ्याचा सगळा रुबाब त्या पागात उरला होता. पागाच्या काठाला शिशाच्या गोळ्या असतात. चिरलेली गोळी दोरीवर बसवायची आणि दातांनी चावून मिटवायची, ही त्यांच्या घरची रीत. नथूचे दात गेले तेव्हापासून ते काम शत्रुघ्नाकडे आलं होतं.

सातवी गोळी चावून झाल्यावर त्यानं सवयीनं दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं. पांढऱ्या दोऱ्यावर करडी रेघ उमटली.

तो बघतच राहिला. प्रयोगशाळेतला ब्रशही तो असाच ओठांना लावून टोकदार करायचा. ही खोड त्याच्या इतकी अंगवळणी पडली होती, की आपण तसं करतो हेच त्याला ठाऊक नव्हतं. आणि वेचणी सुरू व्हायची सोमवारी, सुट्टीनंतर हात ताजा असतो म्हणून.

गप्प राहून आजपासून ब्रश ओठांना न लावणं सोपं होतं. रात्रभर त्याला तेच सुचत होतं. पण मग दोन कुप्यांचा ठपका मॅडमच्या माथी कायमचा बसला असता.

"मॅडम, ते शिसं माझ्या तोंडातलं आहे," सोमवारी त्यानं उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सहा आठवडे शिशाला हात लावायचा नाही. तोंडावर फडकं बांधायचं. शेवटची कुपी तूच वेचशील."

खरी पंचाईत घरी झाली.

"मंग पागाला गोल्या कोन लावनार?" नथूनं विचारलं. "माझ्या तोंडात दात हायेत का?"

शत्रुघ्नानं समजावून पाहिलं. म्हाताऱ्यानं पाग खुंटीला टांगला आणि लेकाशी बोलणं टाकलं.

सहा आठवड्यांनी शत्रुघ्न वेचायला बसला. चार दिवसांत त्यानं एकशे अकरा कण वेचले. मग ते यंत्रात गेले, आकडे आले. मॅडमनी पुन्हा मोजायला लावलं. तिसऱ्यांदाही तेच आकडे आले, तेव्हा त्यांनी तो कागद साहेबांच्याही आधी शत्रुघ्नापुढे धरला.

"चारशे छप्पन्न कोटी वर्षं. तुझ्या हातचं काम आहे हे."

साहेब स्वतः खाली आले. म्हणाले, मलाही एक कण दाखव. शत्रुघ्नानं उठून त्यांना आपलं स्टूल दिलं आणि मग ते परत मागून घेतलं. त्या दिवशी त्याची छाती अशी फुगली होती, की शर्टाचं बटण तुटायचं बाकी होतं.

संध्याकाळी तो थेट किनाऱ्यावर गेला. नथू गुडघाभर पाण्यात उभा होता, खांद्यावर पाग. शत्रुघ्नानं आकडा सांगितला.

"आपल्या दर्याहून जुनं?" नथूनं कितीतरी आठवड्यांनी तोंड उघडलं.

"दर्या नव्हता बाबा तवा. जमीनबी नव्हती."

शत्रुघ्नाचं लक्ष पागाकडे गेलं. काठाच्या सगळ्या गोळ्या नव्यानं लावलेल्या होत्या, पकडीनं चेपून वेड्यावाकड्या. म्हाताऱ्याचा अंगठा काळानिळा पडला होता. शत्रुघ्नानं गोळी नीट करायला हात पुढे केला.

"हात नको लावू," नथू मागे सरला. "तुला उद्या काम हाय."

आणि त्यानं पाग फेकला. तो पुरता गोल उघडला.