टाकीतला गाळ

...बाटलीतलं तेल थरथरत होतं. डॅशबोर्डवर गणपतीच्या शेजारी लोणच्याची रिकामी बाटली दोरीने आवळून बसवलेली, आणि तिच्यात मधाच्या रंगाचं ते, वड्याभज्यांच्या जळक्या तेलापासून पोराने बनवलेलं बायोडिझेल. धाकू टक लावून बघत होता. मुलुंड सुटलं तेव्हा थरथर बारीक होती, शिलाई मशीनसारखी. आता मध्येच अडखळते, पुन्हा सुरू होते... इंजिनाला धाप लागलीय. स्टिअरिंगवर बसलेल्या पोराला, निलेशला, ऐकू येत नाही. ह्याला कधी काय ऐकू आलं?

"एकदम स्मूथ ना, भीमराजदादा?" निलेश आरशात बघून म्हणाला.

मागे भीमराज पाय पसरून बसला होता, स्कूलबसवाला. ही जुनी डिझेल गाडी आज वाकोल्यापर्यंत बिनतक्रार गेली, तर त्याच्या सगळ्या बस निलेशच्या तेलावर चालणार. नाही गेली, तर नोकरी सोडून उभारलेली वाकोल्याची तेलाची शेड गुंडाळायची आणि बायकोच्या पगारावर जेवायचं.

"स्मूथ आहे रे, पण भूक लागली ना यार. धुराचा वास आहे का भज्यांची गाडी?" भीमराज हसला. "काका, तुम्ही सांगा. घेऊ का ह्याचं तेल?"

"नको," धाकू म्हणाला.

निलेश त्याच्याहून जोरात हसला. "मनावर घेऊ नका दादा. लकवा मारल्यापासून भाऊंना तेवढाच शब्द येतो. चहा? नको. जेवण? नको. मग आम्ही भरवतो."

भरवतो म्हणे! उजवं अंग मेलं, जीभ मेली, आणि जन्मभराच्या शिव्यांमधून नेमका हाच शब्द उरला, जो पोराला सगळ्यात जास्त ऐकवला होता. पाना धरू, भाऊ? नको. मी चालवू? नको. विक्रोळीच्या कंपनीत धाकू साहेबांची गाडी चालवायचा. साहेबांनी काढली तेव्हा त्याने हीच विकत घेतली. रविवारी बॉनेट उघडलं की निलेश लुडबुडायला यायचा, आणि एकदा अख्ख्या चाळीसमोर धाकूने त्याच्या हातातून फिल्टर हिसकावला होता — "तुका जमाचा नाय. हातात हाडां नाय तुझ्या, मेल्या!" चाळ खिदळली. पोर चड्डीत मुतायचंच काय ते बाकी राहिलं. वाईट वाटलं होतं? छे. मजा आली होती... आठवलं की अजून येते.

विक्रोळी मागे पडली. गाडीने हिसका दिला.

हे तेल टाकीच्या पत्र्याला वर्षानुवर्षं चिकटलेला गाळ सोडवतं, आणि तो सगळा येऊन फिल्टरमध्ये बसतो. मागच्या आठवड्यात निलेशने बदलला तो फिल्टर डांबरासारखा निघाला होता. एकदा बदलला की झालं, असं ह्या दीडशहाण्याला वाटतं. अरे, माझ्या इतक्या वर्षांचा गाळ — तो काय एका दमात संपेल? आता हाही तुंबलाय, आणि आणखी एक नवा फिल्टर ह्याच सीटखाली आहे. इथे कडेला घेतली तर थोडक्यात भागेल. पुलाच्या चढावर गेली की मधोमध मरणार.

पुन्हा हिसका. मोठा.

"काय झालं रे?"

"काही नाही दादा... जुनी गाडी, नखरे करते." पण आवाज चिरकला. मग निलेशने मान कलती केली आणि भीमराजला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, "भाऊ... काय होतंय हिला? हाताने तरी दाखवा ना."

चाळीतल्या त्या पोराचीच नजर.

डावा हात शाबूत होता. धाकूने तो मांडीखाली सारला. समोर पुलाचा चढ दिसायला लागला, आणि तेव्हाच तोंडात काहीतरी हललं. जिभेचं टोक दातांना टेकलं, आणि डॉक्टरीणबाई आरसा धरून वर्षभर शिकवत होती तो 'थांब' — अख्खा, ओला, तयार — तिथे येऊन बसला. नुसती हवा सोडायची बाकी... निलेश अजून त्याच्याकडेच बघत होता.

धाकूने दात आवळले.

शब्द खाली गेला, गरम घोटासारखा. आपल्याला बोलता येतं, आणि हे आपल्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही — लकव्यानंतर पहिल्यांदाच त्याला बरं वाटलं. इतकं बरं, की तो स्वतःलाच घाबरला, आणि घाबरूनही, इंजिनाची धाप कान देऊन ऐकत राहिला...