एकतिसावे पान

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो, पण माझ्यात कुणी कधी शुद्धलेखन लिहिले नाही. पंप बनवणाऱ्या एका कंपनीच्या संचालकांच्या सभेत कोण काय बोलले, ते माझ्यात लिहीत. बाइंडरने मला जाड दोऱ्याने शिवले आणि पानापानावर क्रमांक छापला, म्हणजे कुणी पान काढू नये.

लिहिण्याचे काम चिटणीसबाईंचे. "बाईंनी लिहिलं म्हणजे झालं," असे सगळे म्हणत, आणि मी फुलून जाई.

कंपनीचे शेअर्स शेकडो लोकांकडे होते. कारखान्यातल्या एका निवृत्त फिटरकडेही होते. पुढे धंदा मंदावला, भाव पडला. तेव्हा मोठ्या साहेबांनी आणि त्यांच्या भावाने ठरवले, की सगळ्यांचे शेअर्स विकत घ्यायचे आणि कंपनी पुन्हा घरची करायची. त्यात गैर काही नव्हते. पण त्याच आठवड्यात पंपांची प्रचंड ऑर्डर आली होती, आणि ते फक्त आतल्यांना ठाऊक होते. बातमी फुटली असती तर भाव चढला असता.

सभेत बाहेरून नेमलेले एक वृद्ध संचालक म्हणाले, "आधी लोकांना ऑर्डरचं सांगा, मग भाव ठरवा. घेणारे तुम्ही, आणि बातमीही तुमच्याच मुठीत. उद्या कोर्टात काय तोंड दाखवाल?"

बाईंनी ते जसेच्या तसे लिहिले. संध्याकाळी साहेब आले.

"बाई, म्हाताऱ्याचं बोलणं गाळा."

"साहेब, पानांवर क्रमांक आहेत."

"मग तोच क्रमांक घालून नवं पान शिवा. निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत ना तुमच्या?"

मग बाईंनीच माझी शिवण उसवली, एकतिसावे पान फाडले आणि नवे शिवले.

फिटरने पडेल भावात शेअर्स विकले. पुढे ऑर्डरची बातमी पेपरात आली, तेव्हा तो पेपर घेऊनच तो वकिलाकडे गेला. कोर्टात वृद्ध संचालकांनी आपले बोलणे सांगितले; माझ्यात ते नव्हते. तज्ज्ञाने मला उजेडात धरले. एकतिसावे पान बाकीच्यांहून पांढरे होते.

"हे पान तुम्ही लिहिलंत?" न्यायाधीशांनी विचारले.

"हो," बाई म्हणाल्या. "आधीचंही मीच लिहिलं होतं. फाडलंही मीच."

निकालाला सात वर्षे लागली. साहेबांना जबर दंड झाला, सगळ्यांना भरपाई मिळाली. बाईंची नोकरी तर आधीच गेली होती. फिटरही तोवर उरला नव्हता. त्याची बायको आली होती.

"आजी, जिंकलात की!" कारकून म्हणाला.

"खरं सांगून मागितले असते ना," ती म्हणाली, "तर ह्यांनी त्याच भावात दिले असते. साहेबांवर फार जीव होता ह्यांचा."

आता मी कोर्टाच्या ओलसर खोलीत पडून आहे. कसर माझे कोपरे खाते. मित्रांनो, वह्या जपा, आणि त्यात लिहिलेले खरेही जपा. बाईंचा हात मला थांबवता आला नाही. वहीला ते जमत नाही, तुम्हाला जमेल.