पुसू की लावू

"कुंकू अर्धवट पुसायचं नाही हं. कपाळ स्वच्छ दिसलं पाहिजे, तरच लोक हसतील."

तालमीत चंदनाला हे सांगताना माझ्या यजमानांना धाप लागत होती. आता हे हेब्बाळच्या एका हॉस्पिटलात आहेत. सकाळी डॉक्टर म्हणाले, घरच्यांना बोलावून घ्या. नळ्या लावलेल्या हातानं ह्यांनी माझं बोट धरलं. "प्रयोग रद्द करायचा नाही, मथुरा." मी हो म्हटलं.

नाटक ह्यांचंच, तरुणपणी लिहिलेलं. मेलेला नवरा चहा मागायला तिरडीवर उठून बसतो. बायको पुसलेलं कुंकू परत लावते, तो परत मरतो, ती परत पुसते. शेवटी प्रेतावरच खेकसते, "पुसू की लावू, एकदाच काय ते सांगा!" पहिल्या प्रयोगाला लोक उठून गेले. मग त्याला कुणी हात लावला नाही.

आज शाळेच्या हॉलमध्ये दुसरी घंटा झाली आणि चंदना रडायलाच लागली. नवं लग्न तिचं.

"अक्का, सासूबाई पहिल्या रांगेत बसल्यात. त्यांच्यासमोर कसं पुसू?"

"मग त्यांनाच घ्या तिरडीवर. मी सुटेन," प्रेत झालेला अभिजीत नाकातला कापूस काढत म्हणाला. कुणी हसलं नाही.

दिग्दर्शक गिरीराजअण्णांनी पडद्याची दोरी सोडली. "सरी, ठीक आहे, रद्द. तसंही मागं सगळ्या खुर्च्या रिकाम्याच आहेत."

मी प्रॉम्प्टर. आवाज हळू, म्हणून ते काम माझ्याकडे. नाटक सगळं पाठ.

"मी करते, अण्णा."

सगळे माझ्या कपाळाकडे बघायला लागले. रोज कुंकुमार्चन झाल्याशिवाय मी पाणी घेत नाही. देवीच्या पायाचंच कुंकू लावते. न्हाणीघरातूनसुद्धा कधी मोकळ्या कपाळानं बाहेर आले नाही. ह्यांच्यासाठीच तर सगळं.

"मथुराक्का, आज नको," अण्णा म्हणाले. "दुसऱ्या कुठल्याही दिवशी करा. आज नको."

"ह्यांना हो म्हटलंय."

मनातल्या मनात देवीला विचारलं.

फोन अण्णांच्या हातात दिला. "हॉस्पिटलमधून आला तर पडदा पडेपर्यंत मला सांगू नका."

अभिजीतनं गुपचूप कापूस परत नाकात घातला आणि तिरडीवर जाऊन पडला. तिसरी घंटा झाली. मी रुमाल भिजवला, घट्ट पिळला आणि विंगेतून निघाले.